एकेक फ्रेम हाताने रंगवलेले मूकपट : कुणी पाहता का?

मॅटिनी

मूकपट म्हणजे काळापांढरा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दूरदर्शनवर आणि पुस्तकांत जे तुकडे पाहिले ते तसेच होते, त्यामुळे दोष कुणाला देणार. पण पडद्यावर रंग सिनेमाच्या जन्मापासून आहे. १८९५ साली एडिसनच्या कंपनीने ॲनाबेल व्हिटफर्ड या नर्तकीचा 'सर्पेंटाइन डान्स' चित्रित केला आणि त्याच्या काही प्रिंट्स रंगवून विकल्या. रंगवून म्हणजे अगदी हाताने. एक फ्रेम घ्यायची, बारीक कुंचला रंगात बुडवायचा, झग्यावर टेकवायचा. मग पुढची फ्रेम.

हल्ली रात्री जेवणं आटोपली की मी असले एक-दोन लघुपट बघतो. मिनिटभराचे, फार तर पंधरा-सोळा मिनिटांचे असतात, त्यामुळे घरचे काही बोलत नाहीत.

ॲनाबेलचा नाच चित्रित झाला तो न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला, एडिसनच्या 'ब्लॅक मारिया' स्टुडिओत. डांबरी कागद ठोकलेली काळी खोली, वरून उघडणारं छप्पर, आणि ऊन सरकेल तसा अख्खा स्टुडिओच रुळावर फिरवायची सोय. त्या काळ्याकुट्ट पार्श्वभूमीपुढे पांढरा घोळदार झगा घालून बाई हात फिरवते आणि कापडाच्या लाटा उठतात. मूळ नाच लोई फुलर या अमेरिकन नर्तकीचा. १८९२ मध्ये पॅरिसच्या 'फोली बेर्जेर' नाट्यगृहात तिने तो गाजवला. बाह्यांत लपवलेल्या काठ्यांनी ती वाराच्या वार रेशीम हवेत फिरवायची आणि त्यावर रंगीत काचांमधून विजेचे झोत सोडलेले असायचे. झगा पांढराच, रंग सगळा उजेडाचा. हा उजेडाचा रंग टिपणारी फिल्म तेव्हा नव्हती. म्हणून रंगमंचावर दिव्यांनी केलेलं काम इथे कुंचल्याने केलं. झगा बघता बघता पिवळ्याचा केशरी होतो, पुढे आणखी कसला होतो, आणि बाई मात्र तीच, तिथेच.

रंग नसणं तेव्हाच्या लोकांना खटकत होतं, हेही लक्षात घ्या. जुलै १८९६ मध्ये रशियातल्या निझनी नोवगोरोदच्या जत्रेत ल्युमिएर या फ्रेंच बंधूंचा सिनेमाचा खेळ पाहून लेखक मॅक्झिम गॉर्कीने लिहिलं की हे सावल्यांचं राज्य आहे. इथे सूर्याचे किरण, आकाश, चेहरे, झाडांची पानं, सगळं करडं.

आता थोडा हिशोब. ३५ मिमी फिल्मवरची फ्रेम साधारण २४ मिमी रुंद आणि १८ मिमी उंच. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर मिनिटाच्या ९६०. तीन रंग द्यायचे तर २,८८० वेळा कुंचला टेकवायचा. ही झाली एक प्रिंट. दुसरी हवी? पुन्हा पहिल्या फ्रेमपासून.

मला यातलं सर्वांत आवडतं ते रंगाचं थरथरणं. खालचं चित्र स्थिर असतं आणि वरचा रंग मात्र जिवंत असल्यासारखा उसळतो, कधी कडेबाहेर जातो, कधी आत आक्रसतो. जग जसं दिसतं तसं दाखवायचा आव त्या रंगाला नाहीच. तो स्वतःच पडद्यावर खेळ करायला उभा आहे, नर्तकीच्या जोडीने. नंतरचा 'नैसर्गिक' रंग सिनेमात इतका मुरला की आपण त्याच्याकडे बघणंच सोडलं.

तर, कुणी पाहता का असले? काय पाहिलंत?

शेवंती

मस्त धागा! मी असाच एक बघितला होता, खाली नाव लिहिलं होतं 'लोई फुलर, १८९६'. तो वेगळा का?

मॅटिनी

@शेवंती, वेगळा. तो बहुधा ल्युमिएर कंपनीचा सर्पेंटाइन नाच. त्यात फुलर नाही. तिची नक्कल करणाऱ्या नर्तकी तेव्हा युरोप-अमेरिकेत पैशाला पासरी होत्या आणि प्रत्येक फिल्म कंपनीला आपला एक सर्पेंटाइन नाच हवाच होता. नेटवर मात्र झगा दिसला की खाली फुलरचं नाव चिकटवतात.

खडूस_आजोबा

पाहिलेत. रंग सांडलेला असतो, डोळे दुखतात. शंभर वर्षांपूर्वीचं आहे म्हणून सुंदर म्हणायचं असा नियम आहे का? आमच्या नातवाने चित्रकलेच्या वहीत असा रंग भरला तर बाई लाल शेरा मारतात.

रंगारी

आजोबा, थांबा जरा. आमचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता आणि घरात फोटो रंगवायचं काम दोन पिढ्या चाललं, म्हणून बोलतो.

फोटो रंगवायचा तर कागद मॅट लागतो, चकचकीत कागदावर रंग बसत नाही. काडीला कापूस गुंडाळून त्याचा बोळा करायचा आणि रंग अगदी पातळ घ्यायचा. आधी चेहऱ्याचा फिकट हात, मग गालावर किंचित लाली, मग साडी, काठ, आणि दागिन्यांचा पिवळा सगळ्यात शेवटी टोकदार कुंचल्याने. रंगवणारा सावली कधीच काढत नाही. सावली फोटोत असतेच, आपला रंग पारदर्शक ठेवला की ती खालून आपोआप वर येते. नवशिक्या नेमका इथे फसतो, दाट रंग लावतो आणि माणूस पुतळ्यासारखा दिसायला लागतो.

आमच्याकडे एक कॅबिनेट साइझ फोटो करायला अर्धा दिवस जायचा, आणि चूक झाली तर ओल्या कापसाने पुसता यायची. इथे काम २४ बाय १८ मिलीमीटरवर! वर ते सहा मीटर रुंद पडद्यावर टाकलं तर अडीचशे पट मोठं होतं. कुंचला पाव मिलीमीटर घसरला की पडद्यावर सहा सेंटीमीटर रंग बाहेर. सांडलेला दिसतो म्हणता, मला तर इतका कमी सांडलाय याचंच नवल वाटतं.

तळटीप

रंगारी यांनी पारदर्शक रंगाचं जे सांगितलं तेच सगळ्याचं मर्म आहे, थोडं पुढे नेतो.

हे रंग ॲनिलीनचे, म्हणजे कृत्रिम रसायनांपासून केलेले. पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये विरघळतात, फिल्मवरचं जिलेटिन ते शोषून घेतं. प्रोजेक्टरचा उजेड त्यातून पार होतो म्हणून पडद्यावर रंग रंगीत काचेसारखा पेटतो. पण उजेड पार व्हायला तिथे चांदीचा थर पातळ हवा, म्हणजे चित्राचा तो भाग पांढरा किंवा फिकट हवा. काळ्या कोटाला तुम्ही कितीही लाल लावा, तो काळाच दिसणार.

म्हणून या लघुपटांत काय रंगवलेलं असतं ते बघा: पांढरे झगे, फुलपाखरांचे पंख, धूर, ज्वाळा, झेंडे, सोन्याची नाणी. एडिसन कंपनीच्या एडविन पोर्टरच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३) च्या रंगवलेल्या प्रिंटमध्ये बंदुकीचा धूर, स्फोट आणि नाचणाऱ्या बायकांचे कपडे रंगीत आहेत. बाकी बराच भाग काळापांढरा सोडलाय. कंजूसपणा होताच त्यात, पण डोळा कुठे जायला हवा तेही त्यातच ठरतं.

दुसरी गंमत. तेव्हाची फिल्म मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद द्यायची. तांबडं कापड कॅमेऱ्यात जवळजवळ काळं यायचं आणि निळं आकाश पांढरंफटक. त्यामुळे जादूचे चित्रपट करणारा फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस आपले पडदे, सेट, बरेचसे कपडे करड्याच छटांत रंगवून घ्यायचा. प्रिंटवरचा प्रत्येक रंग नंतर ठरवलेला. खऱ्या सेटवर गेलो असतो तर आपल्याला तो राखाडी कारखाना वाटला असता!

खडूस_आजोबा

हे माहीत नव्हतं. तरी थरथर ती थरथरच.

तळटीप

थरथर का होते तेही सांगतो. रंगवणारीसमोर एका वेळी एकच फ्रेम. आधीच्या फ्रेममध्ये रंग नेमका किती दाट बसला, कड कुठपर्यंत गेली, हे हुबेहूब दुसऱ्यांदा येणं हाताला शक्य नाही. स्वतंत्र बघितलं तर प्रत्येक फ्रेम नीटनेटकी असते. सोळा फ्रेम एका सेकंदात धावायला लागल्या की बारीक फरक एकत्र येऊन उसळी दिसते.

शेवंती

'रंगवणारी' म्हणालात म्हणून विचारते. हे काम बायकाच करायच्या का?

मॅटिनी

हो, बहुतांशी. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युलिए नावाच्या बाईंचा रंगकामाचा कारखाना होता. आधी जादूच्या कंदिलाच्या काचा आणि फोटो रंगवण्याचं काम, मग फिल्म. १९२९ मध्ये एका पत्रकाराला त्यांनी सांगितलं की मेलिएसच्या रंगीत फिल्म त्यांच्याकडेच रंगल्या. कारखान्यात २२० कामगार स्त्रिया. प्रत्येकीकडे एकच रंग, म्हणजे एकीने फक्त गुलाबी भरायचा आणि रीळ पुढच्या टेबलावर सरकवायचं. एका फिल्मला पुष्कळदा वीसहून जास्त रंग लागायचे. कुठला रंग कुठे हे त्युलिएबाई रात्री जागून ठरवायच्या, नमुने करून बघायच्या आणि दिवसा बायका त्याप्रमाणे काम करायच्या. एका फिल्मच्या सरासरी साठेक रंगीत प्रिंट्स निघायच्या.

आता गुणाकार करून बघा. मेलिएसच्या 'अ ट्रिप टू द मून' (१९०२) च्या रंगीत प्रिंटमध्ये साडेतेरा हजारांच्या आसपास फ्रेम आहेत.

शेवंती

आणि मजुरी?

मॅटिनी

दिवसाला एक फ्रँक.

शेवंती

बघा म्हणजे. पोस्टरवर मेलिएस, पुस्तकात मेलिएस. मी काल रात्री चंद्राचा पुन्हा लावला आणि गोष्ट सोडून नुसता रंग बघत बसले. कुठे एखादीचा हात दाबून पडलाय, कुठे पुढच्याच क्षणी हलका झालाय. जेवायच्या सुटीआधीची फ्रेम आणि नंतरची फ्रेम, असं काहीतरी मनात यायला लागलं. रंग सरळ, गुळगुळीत असता तर त्या बायका आपल्यापर्यंत पोहोचल्याच नसत्या.

मॅटिनी, तुम्ही रंगाला नर्तकीच्या जोडीचा कलाकार म्हणता. मी म्हणेन त्या दोनशे वीस जणी जोडीच्या कलाकार.

रीळ_नंबर_तीन

चंद्राचा विषय निघालाच आहे तर त्या प्रिंटची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

'अ ट्रिप टू द मून'ची हाताने रंगवलेली प्रिंट जगातून गेली असंच सगळे धरून चालले होते. १९९३ मध्ये एका अनाम दात्याने बार्सिलोनाच्या फिल्मोतेका दे कातालुन्या या संग्रहालयाला जुन्या फिल्म दिल्या, त्यात ती निघाली. पण अवस्था अशी की नायट्रेट फिल्म (त्या काळची ज्वालाग्राही फिल्म) सडून रिळाचा अख्खा गोळा झालेला. १९९९ मध्ये जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या पॅरिसच्या लॉब्स्टर फिल्म्स कंपनीने ती अदलाबदलीत मिळवली. बदल्यात काय दिलं, तर सेगुंदो दे चोमोनची नव्याने सापडलेली एक फिल्म! चोमोन हा पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीतला मेलिएसचा स्पॅनिश प्रतिस्पर्धी, त्यामुळे हा सौदा मला फार आवडतो.

जाणकारांनी सांगितलं, यातून काही निघणार नाही. तरी लॉब्स्टरच्या मंडळींनी रीळ हळूहळू उलगडायला घेतलं तेव्हा कळलं की चिकटल्यात त्या मुख्यतः कडा, आतली चित्रं बरीचशी शाबूत आहेत. मग रसायनांच्या वाफेने मऊ करून एकेक तुकडा सोडवत त्याचं डिजिटल छायाचित्र घेतलं. काही वर्षं हेच चाललं. शेवटी १३,३७५ चित्रांचे तुकडे हाती आले. ते जुळवायचं तंत्र यायला २०१० उजाडलं. जिथे तुकडे गेलेच होते तिथे काळ्यापांढऱ्या प्रिंटवरून चित्र घेऊन त्याला शेजारच्या फ्रेमसारखा रंग दिला. ११ मे २०११ रोजी कान महोत्सवात ती दाखवली.

त्यात एक जागा बघाच. तोफ उडवायच्या प्रसंगात जो झेंडा फडकतो तो फ्रेंच तिरंगा नाही, लाल-पिवळा-लाल आहे. स्पेनचा! ही प्रिंट स्पेनमधल्या गिऱ्हाइकासाठी होती, म्हणून कारखान्यात झेंडा त्यांचा करून टाकला. एकाच फिल्ममध्ये गिऱ्हाइकाप्रमाणे देश बदलतो, ही सोय नंतरच्या रंगीत सिनेमाला कुठून असणार.

चिंगी

छान माहिती. एक बाळबोध शंका. काही मूकपटांत सबंध पडदाच निळा किंवा पिवळा होतो, तेही याच बायका रंगवायच्या का?

तळटीप

नाही, ते वेगळं. सबंध रीळ रंगाच्या टबात बुडवलं की टिंटिंग. मग पांढरा भाग निळा दिसतो, काळा काळाच. रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळसर, आग तांबडी, असे ठरलेले संकेत होते. दुसरा प्रकार टोनिंग. त्यात फिल्ममधल्या चांदीचीच रासायनिक अदलाबदल होते, त्यामुळे काळा भाग रंगीत होतो आणि पांढरा पांढरा राहतो. दोन्ही स्वस्त आणि झटपट, म्हणून १९२०च्या दशकापर्यंत सर्रास चालले.

मॅटिनी

आणि हाताचं रंगकाम आणि हे टबातलं, या दोन्हींच्या मध्ये पाथेचा छापा येतो. पाथेचा पसारा एवढा वाढला की हाताने रंगवून भागेना. १९०५-०६च्या सुमारास पॅरिसजवळ व्हँसेन इथे त्यांनी स्टेन्सिलचं काम सुरू केलं. आपले रांगोळीचे छापे असतात ना, अगदी तसं, फक्त छापाही फिल्मचाच. फिल्मची एक जादा प्रिंट घ्यायची, तिच्या प्रत्येक फ्रेममधून पिवळा जिथे हवा तेवढाच भाग कापून काढायचा. लालसाठी दुसरी प्रिंट, हिरव्यासाठी तिसरी. मग छापा आणि खरी प्रिंट एकावर एक बसवून यंत्रातून सरकवायची आणि मखमली पट्ट्याने रंग लावायचा. कापायचं काम आधी पात्याने, नंतर थरथरणाऱ्या विजेच्या सुईने. कापणाऱ्या पुन्हा बायकाच, शेकड्याने.

छापा एकदा कापला की पुढच्या प्रिंट्स भराभर निघतात, त्यामुळे पन्नास प्रिंट विकणाऱ्यालाच हे परवडणार. ओळखायचं कसं? रंगाची कड धारदार आणि पुष्कळ स्थिर असली की बहुधा छापा. कड मऊ आणि उसळती असली की कुंचला.

आता चोमोनबद्दल. याने सुरुवातीला बार्सिलोनात स्वतः फिल्म रंगवायचं काम केलं आणि त्याची बायको ज्युलिएन माथ्यू, जी पुढे त्याच्या कित्येक फिल्ममध्ये दिसते, तिचाही या रंगकामाशी संबंध होता. म्हणूनच त्याच्या डोक्यात रंग आधी आणि गोष्ट मागाहून येत असावी. 'द रेड स्पेक्टर' (१९०७) बघा. पाताळातली गुहा, त्यात उभी राहणारी शवपेटी, ज्वाळा, आणि त्यातून हाडांच्या सापळ्याचं चित्र असलेला पोशाख घातलेला सैतानी जादूगार. तो बायकांना चिमुकल्या करून बाटल्यांत भरतो आणि त्या बाटल्या हातात घेऊन थेट कॅमेऱ्यापाशी येतो. मेलिएस असता तर दूर रंगमंचावरच उभा राहिला असता. चोमोनने तो माणूस आपल्या नाकासमोर आणून उभा केला, आणि तेही गुहेच्या रंगात बुडवून. गोष्ट विचाराल तर काही नाही. एक भली बाई येते, त्याच्यावर मात करते, संपलं. मला चोमोन मेलिएसपेक्षा सरस वाटतो, रंगाच्या बाबतीत तरी. बसा आता भांडत.

रीळ_नंबर_तीन

भांडतोच. मेलिएसला विनोद कळतो. चोमोनचा सैतान स्वतःलाच फार गंभीरपणे घेतो.

कल्याणचा_कंदील

मराठी मंडळींचा एक दुवा द्यायला हवा. आमच्या कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका'चे खेळ करायचे, पुढे त्यांच्या मुलांनी ते चालवले. जादूच्या कंदिलाचा खेळ. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, कंदिलातून पडद्यावर टाकायची, काचा सरकवून हालचालीचा भास करायचा, सोबत निवेदन आणि संगीत. पुराणांतल्या गोष्टी पडद्यावर रंगीत दिसत होत्या आणि ल्युमिएरांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात व्हायला अजून चार वर्षं होती. तो झाला ७ जुलै १८९६ ला.

मॅटिनींनी त्युलिएबाईंचं सांगितलं ना, की आधी कंदिलाच्या काचा रंगवायच्या. धंदा जगभर असाच सरकला. काच रंगवणारे हात फिल्मकडे आले.

गिरगाव_चौपाटी

मग फाळक्यांचं काय? त्यांनी 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' आमच्या गिरगावातच पाहिला, अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. आणि समोर ख्रिस्त चालला असताना मनात राम-कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मला कायम वाटतं की हा माणूस रंगातून आलेला. राजा रविवर्म्याच्या तसबिरींच्या छपाईत काम केलेला, तीनरंगी छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला गेलेला. त्याने पडद्यावर देव आणले ते मात्र काळेपांढरे. घरोघरी भिंतीवर रविवर्म्याची लक्ष्मी गुलाबी साडीत आणि थिएटरात तारामती करडी. प्रेक्षकांनी ती मनात रंगवूनच पाहिली असणार.

तळटीप

त्याच सुमारास आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा रंगही टिपला गेला. १९११ चा दिल्ली दरबार लंडनमधला निर्माता चार्ल्स अर्बन याच्या माणसांनी 'किनेमाकलर'मध्ये टिपला. त्यात कुंचला नाही. कॅमेऱ्यापुढे आणि प्रोजेक्टरपुढे लाल-हिरव्या काचा फिरायच्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनच्या स्काला थिएटरात तो लागला, अडीच तासांचा कार्यक्रम होता आणि तुफान चालला. आज त्यातलं फारच थोडं उरलंय. भारताच्या भूमीवरचा 'खरा' रंग गेला आणि पॅरिसमधल्या बायकांनी रंगवलेला खोटा चंद्र टिकला.

डाइकवरून

मी नेदरलँड्समध्ये असतो म्हणून इथली बाजू. हे सगळे रंग आपल्याला इतकी वर्षं का दिसले नाहीत, याचं उत्तर अर्धं संग्रहालयांतच आहे. नायट्रेट फिल्म धोकादायक. पेट घेते आणि पाण्यानेही विझत नाही. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांनी जुनी रिळं सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतली, पण ती काळ्यापांढऱ्या फिल्मवर, कारण रंगीत फिल्म महाग आणि तिचे रंग स्वतःच उडतात. वर अभ्यासकांचं मत असं की हा रंग म्हणजे जत्रेतला भडकपणा, खरी कला काळ्यापांढऱ्यात. उतरवून झालं की मूळ रंगीत रीळ काही ठिकाणी नष्टही केलं. १९९५ मध्ये इथे अॅमस्टरडॅमच्या फिल्म संग्रहालयाने मूकपटांतल्या रंगावर एक कार्यशाळा घेतली, आणि त्यानंतर या विषयाकडे बघायची नजर बरीच बदलली.

मी इथे पडद्यावर एक रंगवलेली प्रिंट पाहिली आहे. फोनवर जे दिसतं त्याच्याशी तुलनाच नको. उजेड रंगातून आरपार येतो तेव्हा पिवळा अक्षरशः डोळ्यांवर येतो.

रंगारी

नायट्रेटचं पुण्याला विचारा. जानेवारी २००३ मध्ये तिथे नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली, त्यात आपली किती जुनी रिळं गेली.

चिंगी

अवांतर विचारू का? नेटवर '४के, सेकंदाला ६० फ्रेम, मूळ रंगांत' असे बरेच व्हिडिओ दिसतात. ते बघावेत का? दिसतात तर छान.

मॅटिनी

कृपया नको. म्हणजे बघा हवं तर, पण ते वेगळंच काहीतरी आहे. संगणकाला रंगाची थरथर म्हणजे दोष वाटतो, तो ती पुसून सपाट करतो. शिवाय मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो. त्युलिएबाईंच्या कारखान्यात जे घडलं तेच नेमकं धुऊन निघतं.

रंगारी

आणि काहींत तर मूळ प्रिंट काळीपांढरीच असते, रंग सगळा संगणकाचा. पकडायची खूण सांगतो. चेहरे बघा. चेहऱ्यांना एकसारखा तपकिरी-गुलाबी रंग असेल, मागची भिंत, जमीन, झाड, सगळंच थोडं थोडं रंगलेलं असेल तर ते यंत्राचं. हाताने रंगवणारी भिंतीवर कशाला वेळ घालवेल? ती झगा रंगवेल, ज्वाळा रंगवेल, चेहरा बहुतेक वेळा तसाच सोडेल.

खडूस_आजोबा

मग 'मुघल-ए-आझम' २००४ साली संगणकाने रंगवला तेही चूक म्हणायचं का? आम्ही थिएटरात जाऊन पाहिला आणि आवडला.

तळटीप

चूक कसं म्हणू, आवडला तर आवडला. फरक एवढाच की तिथे सगळी धडपड रंग आधीपासूनच होता असं वाटावं यासाठी होती. १९०२ मध्ये रंगीत प्रिंट जास्त पैसे मोजून घेतली जायची ती रंग लावलेला दिसावा म्हणून. जाहिरातीतच तसं सांगायचे.

शेवंती

+१

खडूस_आजोबा

बरं. नातू शनिवारी येतोय, सात वर्षांचा. कमीत कमी डोकं दुखेल असा एखादा सांगा. सैतान, हाडं नकोत, त्याची आई मला बोलेल.

मॅटिनी

आजोबा, चोमोनचा 'किरिकी' लावा, १९०७ चा, दोन-तीन मिनिटांचा. जपानी पोशाखातले कसरतपटू एकमेकांच्या अंगावर असे काही मनोरे रचतात की खाली एक चिमुरडं पोरगं आणि त्याच्या डोक्यावर सगळा कुटुंबकबिला. कसं केलंय ते आधी सांगू नका, त्याला ओळखू द्या. वेग वाढवलेली आवृत्ती घेऊ नका, आणि खाली कुणी ढणढण संगीत जोडलं असेल तर आवाज बंद करा. आवडला तर मग झेंड्यासाठी चंद्राचा.

खडूस_आजोबा

लावला. नातू पहिल्याच मनोऱ्याला म्हणाला, "आजोबा, हे खोटंय, ते जमिनीवर झोपलेत." काळं कापड अंथरून कॅमेरा वर टांगला असणार हे त्याने माझ्याआधी ओळखलं. मग मला खाली सतरंजीवर झोपवून माझ्यावर उशा रचल्या आणि स्टुलावर चढून मोबाइलने व्हिडिओ काढला. आता त्याला तो रंगवायचाय आणि स्केचपेन स्क्रीनवर चालत नाही म्हणून रुसून बसलाय. रंगारीसाहेब, फोटोची प्रिंट काढून दिली तर स्केचपेन बसेल का, की पाण्याचे रंगच लागतील?

रंग सांडतो हे माझं मत कायम आहे.

रंगारी

स्केचपेन नको, रेषा उठतात. साध्या कागदावर फिकट काळीपांढरी प्रिंट काढा, इंकजेटची नको, पाण्याने शाई पसरेल. झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट घ्या. रंग खूप पाणी घालून, कापसाच्या काडीने. आणि दहा-बारा प्रिंट काढा, एकीने त्याचं समाधान होणार नाही.